सहा वाजताचा सूर्यास्त

दिनांक ५ डिसेंबर २०२३, मंगळवार. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी ऑफिसातला फोन वाजला. मी नुकताच डबा उघडला होता. तो रात्रीपर्यंत तसाच उघडा राहिला.

"साहेब, अकोल्याहून चंद्रपूरले विमान पाहिजे. आज. आत्ताच."

बोलणाऱ्याचे नाव प्रमोद. चंद्रपूरजवळच्या भद्रावतीत त्याचे घर आणि कोळसा वाहतुकीचा धंदा आहे. त्याची आई त्या दिवशी पहाटे चार वाजता वारली होती. त्याला एकच बहीण, सुनंदा. ती मेळघाटातल्या एका आश्रमशाळेत शिक्षिका आहे. तिथे मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे निरोप द्यायला माणूस पाठवावा लागला होता आणि तिला तो दुपारी बारा वाजता मिळाला. ती जीपने अकोटमार्गे अकोल्याकडे निघाली होती. अकोल्याहून भद्रावती रस्त्याने सहा-साडेसहा तासांचे अंतर आहे. म्हणजे घरी पोहोचायला रात्रीचे अकरा. घरातल्या वडीलधाऱ्यांनी मात्र ठरवले होते की दिवस मावळण्याआधी अग्नी द्यायचा. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायचे नाही.

"आई सांगून गेली साहेब, तोंडात पाणी लेकीनंच घालावं म्हणून. बाकी काही मागतलं नाही तिनं."

"किती प्रवासी?"

"एकटी तेच."

मी कागद ओढला.

माझे काम काय, ते आधी सांगतो. मी एकेचाळीस वर्षे फ्लाइट डिस्पॅचर होतो. विमान वैमानिक चालवतो. पण ते कोणत्या मार्गाने जाईल, किती इंधन घेईल, हवामान कसे असेल, ठरल्या जागी उतरता आले नाही तर दुसरीकडे कुठे उतरेल, हे सगळे उड्डाणाआधी जमिनीवर बसून ठरवणारा माणूस म्हणजे डिस्पॅचर. त्या कागदावर दोघांच्या सह्या होतात, त्याची आणि वैमानिकाची. निवृत्तीनंतर मी नागपुरातील एका लहान चार्टर कंपनीत हेच काम करतो. कंपनीकडे दोन इंजिनांचे, सहा प्रवाशांचे, पंख्यावर चालणारे एक विमान आहे. लहान धावपट्टीवर ते उतरू शकते.

"टाइम किती लागते ते मी पाह्यलं नेटवर," प्रमोद म्हणाला. "दोनशे अडतीस किलोमीटर. अठरा मिनिटं."

"अठरा मिनिटे लागत नाहीत."

"नेटवर लिहून आहे न साहेब!"

"नेट विमान उडवत नाही. पंचेचाळीस धरा."

त्याला ते पटले नाही. बहुतेकांना पटत नाही. अशा वेबसाइट दोन विमानतळांमधली सरळ रेषा मोजतात आणि तिला मोठ्या जेट विमानाच्या वेगाने भागतात. त्या हिशेबात विमान धावपट्टीच्या टोकावर आधीच पूर्ण वेगात असते आणि पोहोचताच जागच्या जागी थांबते. प्रत्यक्षात ते धावपट्टीच्या टोकापर्यंत सावकाश चालत जाते, मग चढते, मग सरळ उडते, आणि अर्धा रस्ता संपेपर्यंत उतरायची तयारी सुरू होते. अंतर जितके कमी, तितका सरळ उडण्याचा वाटा कमी. अकोला ते चंद्रपूर आमच्या मोजमापात एकशे एकोणतीस नॉटिकल मैल. नॉटिकल मैल म्हणजे साधारण एक किलोमीटर आठशे बावन्न मीटर. आमचे विमान एवढ्या अंतरात सरासरी ताशी एकशे नव्वद मैल काढते. हवेतली चाळीस मिनिटे आणि जमिनीवरची पाच.

दुसरी अडचण उजेडाची. अकोला आणि चंद्रपूर या दोन्ही धावपट्ट्यांवर नियमित विमानसेवा नाही आणि रात्री उतरण्यासाठी लागणारे दिवे त्या दिवशी आम्हाला उपलब्ध नव्हते. तिथे उतरायचे ते सूर्य असताना. आमच्या कंपनीचा नियम याहून कडक आहे. सूर्यास्ताआधी तीस मिनिटे चाके जमिनीला लागली पाहिजेत. हा नियम मी लिहिलेला आहे.

"तुमच्याकडे सूर्यास्त किती वाजता?" मी विचारले. मला ते माहीत असायला हवे होते. बोलता बोलता विचारले, एवढेच.

"सहा वाजता. पाहूनच सांगून राहिलो."

माझ्या टेबलासमोर भिंतीवर कॅलेंडर आहे. काटोलचा एक संत्रा व्यापारी दरवर्षी दिवाळीत मालकांना देतो. त्यावर पाच तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात सूर्यास्त छापला होता. सहा. दोन ठिकाणांहून एकच आकडा आला. मी तो कागदावर लिहिला.

सूर्यास्ताचे अधिकृत कोष्टक कपाटात होते. कपाट टेबलापासून चार पावलांवर आहे.

हिशेब असा झाला. सूर्यास्त सहा. उतरायची शेवटची वेळ साडेपाच. प्रवास पंचेचाळीस मिनिटे. म्हणजे अकोल्याहून पावणेपाचला निघाले तरी चालेल. मी प्रमोदला सांगितले, "बहिणीला साडेचारपर्यंत धावपट्टीवर हजर राहायला सांगा. चार-पस्तीस झाले तरी चालेल. त्यापुढे नाही."

"साडेचार तं आरामात होते साहेब. लय उपकार झाले."

दोन्हीकडची परवानगी, अग्निशमन गाडी, रुग्णवाहिका, हे सगळे अडीचपर्यंत जुळले. अशा कारणासाठी लोक पटकन उठतात. कॅप्टन मेनन दोन वाजता आले. ते पूर्वी हवाई दलात होते, बोलतात कमी. त्यांनी कागद वाचला, सही केली. मी आधीच केली होती. तीन वाजून पाच मिनिटांनी विमान रिकामेच अकोल्याकडे निघाले.

तीन-वीसला मी प्रमोदला फोन लावला. चंद्रपूरच्या धावपट्टीपाशी गाडी कुठे उभी करायची, ते सांगायचे होते. फोन दुसऱ्याने उचलला.

"प्रमोद लाकडं पाहाले गेला. मी नत्थूजी बोलतो, त्याचा मामा. सांगा."

आवाज वयस्कर होता. मी गाडीचे सांगितले आणि म्हणालो, "सव्वापाच-साडेपाचला पोहोचतील. सूर्यास्त सहाला आहे, त्यामुळे तुम्हाला अर्धा तास मिळेल."

"सहाले?"

"हो. सहाला."

"सहाले काहून मावळन गा? आमच्या इथं साडेपाचले दिवस बुडते. सहाले तं अंधार पडते, ढोरं गोठ्यात असते."

"कॅलेंडरमध्ये सहा आहे."

"अजी, ते कॅलेंडर मुंबईचं असते न बाप्पा! मुंबईले उशिरा मावळते. खाली बारीक अक्षरात लिहून राहते. प्रमोदले सकाळीच सांगतलं मी. तो ऐकते कुठं."

मी फोन हातात ठेवूनच उठलो आणि कॅलेंडरजवळ गेलो. चष्मा वर करून खालची ओळ वाचली. सूर्योदय व सूर्यास्ताच्या वेळा मुंबईच्या आहेत, असे तिथे छापले होते. मग कपाट उघडले. कोष्टकात चंद्रपूरचा सूर्यास्त पाच वाजून तेहेतीस मिनिटे. फरक सत्तावीस मिनिटांचा. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेला सूर्य आधी मावळतो. हे शाळेत शिकवतात.

मी नागपुरात राहतो. डिसेंबरात इथे साडेपाचला दिवस जातो, हे मी चाळीस वर्षे रोज पाहिले आहे. पण कागदावर वेळ लिहिताना मी खिडकीबाहेर पाहिले नव्हते. आणि ज्यांना मी दोन साक्षीदार समजलो, ते दोन नव्हते. प्रमोदच्या भिंतीवरही मुंबईचेच कॅलेंडर होते.

"ऐकून राहिले का?" नत्थूजी फोनवर विचारत होते.

"ऐकतो आहे. तुमचे बरोबर आहे. मी परत फोन करतो."

नवा हिशेब. सूर्यास्त पाच-तेहेतीस. उतरायची शेवटची वेळ पाच-तीन. पंचेचाळीस मिनिटे वजा केली तर अकोल्याहून चार-अठराला निघायला हवे. आणि मी बहिणीला चार-पस्तीसची मुभा दिली होती.

मिनिटे कुठून काढता येतील, ते शोधू लागलो. हिवाळ्यात वरच्या हवेत वारा पश्चिमेकडून वाहतो. अकोल्याला जाताना तो समोरून लागतो, पण अकोल्याहून पूर्वेला येताना पाठीमागून ढकलतो. त्या दिवशी तो ताशी वीस मैलांच्या आसपास होता. त्याने चार मिनिटे दिली. मेनन धावपट्टीच्या टोकालाच विमान उभे करून ठेवतील, तर आणखी एक मिनिट. चार-तेवीस. याहून एकही मिनिट निघेना.

सुनंदाचा फोन लागत नव्हता. अकोट-अकोला रस्त्यावर मधेच रेंज जाते. तीन-पन्नासला मेनन अकोल्याला उतरले. त्यांना मी सगळे सांगितले, माझ्या चुकीसकट. ते म्हणाले, "ओके सर. चार-तेवीस." एवढेच.

चार वाजता सुनंदाचा फोन लागला. मी स्वतःची ओळख करून दिली आणि विचारले, "कुठे आहात?"

"अकोल्याच्या अलीकडं. अर्धा तास लागन म्हणते ड्रायव्हर."

"चार-तेवीसच्या आत यायला हवे."

"प्रमोदनं तं चार-पस्तीस सांगतलं होतं." मग ती ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, जोरात घ्या न."

"जोरात नको," मी म्हणालो. "नेहमीसारखे या. जमले तर जमेल."

यानंतर मालक माझ्या टेबलापाशी आले. देवेनभाऊ माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान आहेत. प्रमोदने त्यांनाही फोन केला होता.

"काकाजी, सूर्यास्त पाच-तेहेतीसले आहे न? कायद्यानं तोपर्यंत उतरता येते?"

"येते."

"ती साडेचारले आली, विमान लगेच उडालं, तर सव्वापाचच्या आत चंद्रपूरले. वीस मिनिटं उजेड राहते. मंग प्रॉब्लेम काय आहे?"

"तीस मिनिटांचा नियम."

"तो नियम कोणाचा आहे?"

"आपला."

"आपलाच आहे न! मंग आज दहा मिनिटं सोडून द्या. कोण विचारणार आहे तुम्हाले?"

"माझी मिनिटे असती तर सोडली असती. ती वैमानिकाची आहेत."

देवेनभाऊंनी खुर्ची ओढली. "एका बाईची आई मेली आहे, काकाजी. जरा दिल ठेवा."

तो नियम का लिहिला, हे त्यांना माहीत होते. काही वर्षांपूर्वी अशाच एका धावपट्टीवर हेच विमान उतरत असताना म्हशी आडव्या आल्या. वैमानिकाने विमान पुन्हा वर उचलले, फेरी घेतली. म्हशी हाकलायला वेळ लागला, म्हणून दुसरी फेरी घेतली. ते उतरले तेव्हा समोरचे नीट दिसत नव्हते. चंद्रपूरकडे तर डिसेंबरात खाली धुरकट असते. सूर्य कोष्टकाप्रमाणे मावळतो, पण उजेड त्याच्या बराच आधी जातो. वीस मिनिटे सगळे सुरळीत झाले तर पुरतात. सगळे सुरळीत होणार असेल तर डिस्पॅचर लागत नाही.

आणखी एक गोष्ट होती, ती मी त्यांना बोललो. "चूक माझी आहे. ती मी या तीस मिनिटांतून भरून काढली, तर पुढच्या वेळी दुसरा कोणी त्याची चूक त्यातूनच भरून काढेल."

"म्हणजे तिले तिथंच सोडून देणार?"

"नाही. चार-तेवीस उलटले तर विमान तिला घेऊन नागपूरला येईल. इथे दिवे आहेत. पाच-दहापर्यंत ती उतरेल. पुढे गाडीने सव्वादोन तास. साडेसात."

"साडेसातले काय उपयोग? ते लोकं अंधारात करत नाहीत."

"ते त्यांना विचारावे लागेल. तुम्ही गाडी तयार ठेवा."

ते उठले आणि गाडीचे पाहायला गेले. जाताना दार जरा जोरात लागले.

चार-तेवीसला मेननचा फोन आला. प्रवासी आलेली नव्हती. मी नागपूरचा मार्ग नोंदवला. चार-एकतीसला जीप धावपट्टीच्या फाटकातून आत आली. आठ मिनिटे उशीर झाला होता.

मेनन यांनी फोन तिच्या हातात दिला. तिला विमान नागपूरला जाणार असल्याचे कळले होते.

"साहेब, आठच मिनिटं झाली न?"

"हो."

"मी अकोटले थांबली होती. आईसाठी लुगडं घ्यायले. दुकानात वीस मिनिटं गेली. प्रमोद म्हणे टाइम आहे, आरामात ये. टाइम नाही हे माहीत असतं तं मी थांबलीच नसती."

"टाइम मी सांगितला होता. तो चुकीचा सांगितला. तुमच्याकडून उशीर झालेला नाही."

मागून इंजिनाचा आवाज येत होता.

"विमानात बसा," मी म्हणालो. "तिकडचे मी बोलतो."

विमान चार-छत्तीसला उडाले. मी भद्रावतीला फोन लावला. या वेळी प्रमोदने उचलला. त्याला देवेनभाऊंकडून सगळे कळले होते.

"तुम्ही दहा मिनिटांसाठी माझ्या बहिणीले आईचं तोंड दाखवलं नाही! काय माणूस आहे तुम्ही! विमान तं होतं न तिथं उभं!"

त्याला बोलू दिले. त्याचे संपल्यावर नत्थूजींना फोन द्यायला सांगितले.

"बोला."

"ती उजेडात पोहोचणार नाही. नागपूरमार्गे साडेसातला येईल. सूर्यास्ताची वेळ मी चुकीची धरली, त्यामुळे हे झाले. थांबायचे की नाही, ते तुम्हीच ठरवा."

पलीकडे बायकांचे रडणे ऐकू येत होते. कोणीतरी उदबत्ती विचारत होते.

"पोरगी निघाली का?"

"निघाली."

"मंग येऊ द्या."

"तुमच्याकडे दिवस मावळल्यावर करत नाहीत ना?"

"नाही करत. माह्या बापानं सांगतलं म्हणून मी सांगतो. त्याले त्याच्या बापानं सांगतलं." मग आवाज जरा खाली आला. "पहिले घाटावर दिवे नव्हते न जी. नदीकाठ, विंचू-काटा, लाकडं वली का सुकली ते दिसे नाही. म्हणून नव्हते करत. आता नगरपालिकेनं शेड बांधली, लाईट लावले. एक दिवस अंधारात केलं तं माही बहीण काही रागावत नाही."

नंतर फोन बाजूला न धरताच ते ओरडले, "ए पमोद! लोकायले चहा दे. लेक येऊन राहिली. थांबाचं आहे."

मी फोन ठेवला.

विमान पाच-नऊला नागपूरला उतरले. मी एप्रनवर, म्हणजे विमान उभे करतात त्या जागेवर, गेलो नाही. माझे तिथे काम नव्हते. खिडकीतून दिसले ते एवढेच. एक बाई शिडी उतरली, कागदात गुंडाळलेले काहीतरी तिने छातीशी धरले होते, देवेनभाऊ स्वतः गाडीचे दार उघडून उभे होते. पाच-तेराला गाडी निघाली. वर्धा रोडवर त्या वेळी बुटीबोरीच्या कारखान्यांच्या बस सुटतात, म्हणून मी सव्वादोन तास धरले होते.

पाच वाजून एकोणतीस मिनिटांनी नागपूरचा सूर्य मावळला. या वेळी मी खिडकीबाहेर पाहिले आणि कोष्टकही पाहिले. दोन्ही जुळले.

नंतर मी अहवाल लिहिला. उड्डाणात चूक झाली की कंपनीत एक छापील फॉर्म भरतात. त्यात 'चूक कोणाची' असा रकाना नाही, 'चूक कशी झाली' असा आहे. तिथे लिहिले: 'सूर्यास्ताची वेळ भिंतीवरील कॅलेंडरमधून घेतली. कोष्टक पाहिले नाही. प्रवाशाला चुकीची अंतिम वेळ दिली. प्रवासी त्या वेळेच्या आत आली, तरी तिला ठरलेल्या ठिकाणी नेता आले नाही.' खाली नाव आणि सही. देवेनभाऊ गाडी रवाना करून परत आल्यावर तो त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी वाचला. "हे इतकं सगळं लिहायची काय गरज आहे, काकाजी?"

"पुढच्याला लागेल."

"तीस मिनिटांचं मीही तुम्हाले उलटसुलट बोललो. त्याचं काय?"

"त्याचा रकाना नाही."

ते हसले नाहीत, पण फॉर्मवर सही केली.

सात-पंचेचाळीसला नत्थूजींचा फोन आला. "आली पोरगी. पाणी घातलं. लुगडं अंगावर टाकलं. आता नेतो." मी बरे म्हणालो. ते म्हणाले, "तुम्ही जेवले का?" मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "जेवून घ्या मंग," आणि फोन ठेवला.

या प्रसंगातून काय शिकायचे, असे मला नंतर कंपनीतल्या नव्या मुलांनी विचारले. मी दोन गोष्टी सांगितल्या. दोन विमानतळांमधले अंतर बदलत नाही, वेळ बदलते. म्हणून अंतर कोणालाही विचारा, वेळ मात्र स्वतः काढा. दुसरे, अंधार पडल्यावर नियम मोडता येतो की नाही, हे तिथे दिवे आहेत की नाहीत त्यावर ठरते. नत्थूजींच्या घाटावर होते. माझ्या धावपट्टीवर नव्हते. त्यांनी त्यांचा नियम मोडला तो बरोबर होता, मी माझा मोडला नाही तोही बरोबर होता. पण त्यांना तो माझ्या चुकीमुळे मोडावा लागला. हे सांगितल्यावर मुले काही लिहून घेत नाहीत.

त्या रात्री निघताना कॅलेंडर काढून टाकावे असे आधी मनात आले. पण ऑफिसात सगळे त्याच्यावर गॅसच्या आणि सुट्यांच्या तारखा लिहितात. म्हणून ड्रॉवरमधून पांढरी चिकटपट्टी आणि कात्री काढली, डिसेंबरच्या उरलेल्या सव्वीस दिवसांच्या सूर्यास्तावर एकेक बारीक तुकडा चिकटवला, डब्याला झाकण लावले, आणि ऑफिसला कुलूप घातले.